तारलेले मास्तर

"तारलं बघा."

सातारच्या स्टँडवर एस.टी.त खिडकीची जागा मिळाली की मास्तर असं म्हणत. स्टोव्ह पहिल्या काडीला पेटला, दूध उतू जाता जाता राहिलं, हेडमास्तर व्हरांड्यातून येता येता दुसरीकडे वळले, तरी तेच. म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं कोटाच्या वरच्या खिशावर टेकायची. माझ्या आजोबांनी ख्रिस्ती होताना ज्या तारणासाठी घर, शेत आणि भाऊबंद सोडले, ते हा माणूस खिडकीच्या जागेवर उधळायचा. मला त्याचा संताप येई असं म्हणणार नाही. संताप यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो. मला त्यांची कीव येई, आणि त्या किवेत दया फारशी नव्हती.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. सगळ्या जन्मात त्याच्या बाबतीत एकच गोष्ट घडलेली असते. ती तो लग्नात सांगतो, बारशात सांगतो, मयताच्या घरून निघताना चपला पायात सरकवतानाही सांगतो. ऐकणाऱ्यांना ती पाठ असते, आणि सांगणाऱ्याला ती दर वेळी थोडी नवीन असते.

आम्ही दोघं साताऱ्यात मिशनच्या शाळेत होतो. मी ग्रंथालय सांभाळायचो आणि वरच्या वर्गांना मराठी शिकवायचो. ते मुलांना पुस्तकबांधणी शिकवायचे. शाळेची हजेरीबुकं, चर्चमधली गीतांची पुस्तकं, माझ्या कपाटातले खिळखिळे झालेले कोश, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. काम चोख होतं, हे मान्य करायला हवं. त्यांनी शिवलेलं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं तर आपण होऊन मिटत नसे. पण पुस्तकात काय लिहिलं आहे याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. एकदा त्यांनी एका नाटकाचा तिसरा अंक पहिल्याच्या आधी बांधून दिला. मी पानं उलटून दाखवली तर म्हणाले, "आवं सर, शिवण बघा की. कशी बसलीया." त्यांच्या अंगाला कायम खळीचा वास यायचा. रविवारी उपासनेनंतर 'सलाम' म्हणत त्यांनी हात पुढे केला की नंतर माझी बोटं एकमेकांना चिकटत.

तर ती एक गोष्ट.

बाहत्तरचा दुष्काळ ओसरल्यानंतरच्या एका जानेवारीत सांगलीला संजीवन सभा होत्या. आमच्या चर्चच्या मंडळीनं आम्हा दोघांना पाठवलं होतं. ज्यांना या सभा ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तीन दिवस मांडवात गाणी, प्रार्थना, उपदेश, आणि शेवटी साक्षी. एकेक जण उठतो आणि प्रभूनं आपल्याला कशातून सोडवलं ते सांगतो. कोणी दारूतून सुटलेला असतो, कोणी जुगारातून, कोणी फुरसं चावूनही जगलेला असतो. मास्तर दर वर्षी पहिल्या रांगेत बसत आणि तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत. त्यांच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तान्हेपणी बाप्तिस्मा, मिशनच्या शाळेत शिक्षण, मिशनच्याच शाळेत नोकरी, दारूचा थेंब नाही. "आमचं काय सर, नुसतं सपाट रान," असं ते एकदा मला खिन्नपणे म्हणाले होते. माणसाला आपल्या पापांच्या तुटवड्याचं इतकं दुःख झालेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सभेतून हळूच निघून मुक्कामाच्या खोलीवर वाचत पडलो होतो. मास्तर पुठ्ठा बघायला पेठेत गेले होते. दिवेलागणीला परत आले ते भिंतीला धरून. मनगटावरचं घड्याळ गेलं होतं. ते घड्याळ मिशनच्या मडमबाई मायदेशी परत जाताना त्यांना देऊन गेल्या होत्या. मागच्या झाकणावर मास्तरांचं नाव आणि 'विश्वासू सेवकास' असं कोरलेलं होतं. पायजम्याच्या गुडघ्यांना माती होती. डाव्या मनगटावर हळदीनं माखलेल्या चार बोटांचे पिवळे ठसे होते. हळदीच्या वखारींमागच्या बोळात एका हमालानं धरलं, एवढंच ते बोलले. मी पाणी दिलं. कोट काढून खुंटीला मीच अडकवला. कोटाला ओरखडाही नव्हता. मी मुद्दाम पाहायला गेलो नव्हतो, पण वर्षानुवर्षं परत आलेली पुस्तकं तपासणाऱ्या माणसाला फाटलं-न-फाटलं आपोआप दिसतं.

दुसऱ्या दिवशी साक्षींच्या वेळी मास्तर उभे राहिले. हळद त्यांनी धुतली नव्हती. म्हणाले, बोळात चोरानं सुरा काढला, मी डोळे मिटून प्रभूचं नाव घेतलं, डोळे उघडले तर चोर पसार. मांडवात 'हालेलूया' झालं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. व्यासपीठावरचे एक उपदेशक तर इतके गहिवरले की सभा संपताच मास्तरांचा हात धरून त्यांना पोलीस चौकीत घेऊन गेले. तिथे मास्तरांना तेच पुन्हा सांगावं लागलं, या वेळी सहीनिशी. हवालदारानं प्रभूचं नाव लिहून घेतलं नाही. सुरा लिहून घेतला.

साताऱ्यात परतल्यावर सुरा वाढत गेला. फेब्रुवारीत तो वीतभर होता. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, तो कोटाला येऊन टेकला. जूनमध्ये शाळा उघडली तोवर तो कोटातून आत शिरून खिशातल्या बायबलच्या नव्या करारावर थांबला होता. आणि मग मास्तर तो नवा करार दाखवू लागले. निळ्या कापडात बांधलेली तळहाताएवढी प्रत, पुठ्ठ्यावर बोटभर चीर, आत शे-दीडशे पानं चिरलेली. लोक हात लावून पाहत. एका म्हातारीनं तो डोळ्यांना लावला. वस्तूंची पूजा आमच्यात नसते, असं आम्ही शेजारपाजारच्यांना नेहमी सांगत असतो. कोट मात्र कोणी पाहायला मागितला नाही.

माझ्याही हातात प्रत आली. मी चीर पाहिली नाही, कापड पाहिलं. ते निळं कापड शाळेत त्याच जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं होतं. गठ्ठा मी उघडला होता, पावतीवर सही माझी होती. त्याआधी आमच्याकडे सगळी बांधणी तपकिरी कापडात व्हायची. काय झालं असेल ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. जुनी जीर्ण प्रत लोकांच्या हातात द्यायची या कल्पनेनंच मास्तरांना कसंतरी झालं असणार. म्हणून आधी त्यांनी ती नव्यानं शिवली, नवं कापड चढवलं, कोपरे नीट मुडपले, आणि मग पुठ्ठा कापायच्या सुरीनं तिच्यात चीर पाडली. खोटं बोलतानाही हा माणूस बाइंडरच राहिला होता.

"छान बांधली आहे," मी म्हणालो. त्यांनी प्रत घाईनं रुमालात गुंडाळली.

हे मी कोणाला सांगितलं नाही. भलेपणानं नव्हे. रविवारी ते बोलायला उभे राहिले की मागच्या बाकावर बसून मला एकट्याला ठाऊक असलेली गोष्ट चघळण्यात एक सुख होतं, ते मला कोणाशी वाटून घ्यायचं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात हमाल सापडला. पलूसच्या एका घड्याळजीनं दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणावरचं नाव वाचलं आणि पोलिसांना कळवलं. हमाल जत भागातला, दुष्काळात बायको आणि दोन मुलींना घेऊन सांगलीला आलेला. वखारीच्या भिंतीला लावलेल्या पालात राहायचा. सरकारी वकिलांनी मास्तरांना बोलावून सरळ सांगितलं की नुसतं हिसकावून नेलं असेल तर वर्ष-दीड वर्ष, सुरा दाखवला असेल तर सात वर्षांच्या खाली नाही. मास्तरांनी हे मला सांगितलं तेव्हा ते खळ शिजवत होते. सांगून झाल्यावरही काठी फिरवत राहिले. खळ खाली लागली, सगळ्या खोलीत करपट वास सुटला, तरी त्यांची काठी थांबली नाही.

खटल्याच्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आणि मंडळीचे दोन पंच हौसेनं बरोबर निघाले. कोर्टात प्रभूची साक्ष होणार होती. एस.टी.त ते पुढच्या बाकांवर बसले. मी मंडळीचा चिटणीस, म्हणून मीही गेलो आणि मास्तरांच्या शेजारी बसलो. त्यांच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेला नवा करार होता.

कराड मागे पडल्यावर मी म्हणालो, "मास्तर, निळं कापड जूनमध्ये आलं."

त्यांनी मांडीवरच्या रुमालाची घडी नीट केली. "ठावं हाय सर. तुमी कापड चाचपलंत तवाच कळलं मला."

"मग?"

"सुरा असता तर लागलाच असता की, सर."

या तर्कापुढे मी हात टेकले आणि पुस्तक उघडलं. त्या वेळी 'सात वर्षं, मास्तर' एवढं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. हा माणूस आता कोर्टातही खोटं बोलणार, आणि माझं त्याच्याविषयीचं मत कायमचं खरं ठरणार, याची मला उत्सुकता होती. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

आरोपी बुटका, रोडका माणूस निघाला. वीतभर सुरा धरेल असा हातच नव्हता त्याचा. मास्तरांनी शपथ घेतली. नाव, गाव, बोळ, घड्याळ इथपर्यंत नीट उत्तरं दिली. मग सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीनं काय दाखवून धमकावलं?

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी मान हलवून धीर दिला. मग त्यांनी हमालाकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता, मागे दाराशी दोन मुलींना घेऊन बसलेल्या बायकोकडे बघत होता.

"सुरा न्हवता, साहेब."

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. मास्तरांनी पुन्हा तेच सांगितलं. मग तो पळून का गेला, असं विचारलं तेव्हा त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं.

"त्यो पळाला न्हाई. माजं पाय गेलं, मी खाली बसलो. आन् म्हनलं, जोतिबाच्या नावानं सोड रं लेकरा."

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "तुम्ही ख्रिस्ती आहात ना?"

"व्हय साहेब. पर तेच आलं तोंडात. माजी आजी म्हनायची. तिनं बाप्तिस्मा घेतला न्हवता."

बाकीचं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. जोतिबाचं नाव ऐकल्यावर हमालानं 'चांगभलं' म्हणून हात कपाळाला लावला. घड्याळ ठेवून घेतलं, पण पुठ्ठ्याच्या पैशांची पिशवी परत केली. मास्तरांना उठता येईना, तेव्हा मनगट धरून त्यानंच उठवलं आणि दिव्याच्या रस्त्यापर्यंत आणून सोडलं. म्हणजे ते चार पिवळे ठसे लुटल्याचे नव्हते, उठवल्याचे होते.

कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला. न्यायाधीशांनी पोलिसांना खोटा जबाब दिल्याबद्दल मास्तरांना चांगलंच फैलावर घेतलं, पुन्हा असं केलंत तर तुम्हीच आत जाल म्हणाले, आणि जाऊ दिलं. रुमाल कोणी उघडलाच नाही.

बाहेर व्हरांड्यात हमालाला बेड्या घालून बसवलं होतं. मास्तर त्याच्यासमोरून जाताना घुटमळले. तो म्हणाला, "मास्तर, ते घड्याळ मागं पडतंय बरं का. पाच-सात मिंटं. म्हनून तर पलूसला दावाया दिलं व्हतं."

"थंडीत पडतंय," मास्तर म्हणाले. "उन्हाळ्यात बराबर चालतंय."

एकाच म्हशीच्या दोन मालकांसारखे ते बोलत होते. हमालाला दीड वर्ष झालं.

परतीच्या गाडीत पाळकसाहेब आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्याच आठवड्यात पंचांची बैठक बसली. मी तिच्याविषयी फार लिहिणार नाही, कारण त्या खोलीतल्या कोणाविषयीही माझ्या मनात चांगला शब्द उरलेला नाही. मास्तर वर्षभर देवाच्या घरात खोटं बोलले, याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. नवा करार सुरीनं चिरला, तेही कोणाला टोचलं नाही. एका गरिबाची सात वर्षांची शिक्षा टळली, हे तर कोणाच्या ध्यानातही आलं नाही. टोचलं ते जोतिबाचं नाव, तेही भर कोर्टात घेतलेलं. ज्या पंचानं मुलीच्या लग्नाची तारीख गुपचूप पंचांगात बघून काढली होती, तोच टेबलावर सगळ्यात जास्त हात आपटत होता.

ठरलं असं की मास्तरांनी भर उपासनेत उभं राहून पश्चात्ताप करावा. तोवर प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला त्यांना बंद. ठराव चिटणीसानं लिहायचा. 'संकटसमयी अन्य दैवताचा धावा करून प्रभूचा अव्हेर केल्याबद्दल' ही ओळ माझी. चांगली उतरली होती. पाळकसाहेबांनी ती दोनदा वाचून घेतली.

ठराव घेऊन मीच त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी बोट फिरवत, ओठ हलवत वाचला.

"खोटं बोललो त्याची माफी मागतो सर. शंभर येळा मागतो. पुस्तक चिरलं त्याची बी मागतो. पर जोतिबाची कशी मागू?"

"त्यांना तेवढीच हवी आहे," मी म्हणालो.

"त्या गड्याला कळंल असंच नाव प्रभूनं माज्या तोंडात घातलं. दुसरं कुठलं घेतलं असतं तर त्यो थांबला असता व्हय?"

तिसरा अंक पहिल्याच्या आधी बांधणाऱ्या माणसाकडून शास्त्र शिकायची माझी तयारी नव्हती. मी कोरडेपणानं सलाम करून निघालो. घरी येऊन वडिलांची जाडजूड भाष्यं काढली आणि या युक्तिवादाचं उत्तर शोधायला बसलो. वडील पाळक होते, त्यांच्या भाष्यांत सगळ्याची उत्तरं असायची. ते उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मास्तर दर रविवारी येत राहिले. दाराजवळच्या बाकावर बसत. भाकरीचं ताट पुढच्या रांगेतून निघालं की आपण होऊन उठत आणि बाहेर जाऊन उभे राहत. ताट फिरवणाऱ्याला आपल्याला वगळून पुढे जायचा अवघडपणा नको, म्हणून. अशी चार वर्षं. पुष्कळदा ताट माझ्याच हातात असे.

मग मास्तरांची छाती भरली. सिव्हिल हॉस्पिटलात ठेवलं. त्यांची बायको पूर्वीच वारली होती, आणि मिशनच्या कबरस्तानात तिच्या शेजारची जागा त्यांनी मागून ठेवली होती. शिक्षेत असलेल्या माणसाला मात्र मंडळीच्या ओळीत जागा मिळत नसे, त्याला मागच्या भिंतीकडे पुरत. मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, उभं राहायची गरज नाही, पश्चात्तापाच्या चार ओळींखाली सही पुरे.

चार ओळी मी लिहिल्या आणि हॉस्पिटलात नेल्या. मास्तरांनी उशीवर मान कलती करून वाचल्या.

"लय झ्याक लिवलंय सर." त्यांनी कागद कडेला कड जुळवून मधोमध दुमडला, घडीवरून नख फिरवलं आणि उशीखाली ठेवला.

"सही?"

"ऱ्हाऊ द्या."

"मग बाईंच्या शेजारी जागा मिळणार नाही."

त्यांनी उशीवरची मान माझ्याकडे वळवली. "तिला सांगा, भित्तीकडं हाय म्हनून."

दोन दिवसांनी सकाळी ते गेले. नर्सनं मला खाटेवरच्या वस्तू, उशीखालच्या कागदासकट, नेऊ दिल्या. ग्रंथालयाच्या चिठ्ठ्यांवर त्यांची सही मी चौदा वर्षं पाहत होतो. ती करायला मला अर्धं मिनिट लागलं.

त्यांना बायकोच्या शेजारी पुरलं. पाळकसाहेबांनी कबरीच्या तोंडाशी उभं राहून त्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या. 'पश्चात्तापदग्ध अंतःकरणाने' हे शब्द मास्तरांना धड म्हणताही आले नसते, पण ते कोणाला खटकले नाहीत. पंचांगवाला पंच हमसून हमसून रडला. मी मूठभर माती टाकली. केलं ते चुकलं असं मला म्हणवत नाही, कारण ती दोघं शेजारी आहेत. मास्तरांसाठी केलं, असंही म्हणवत नाही. ठराव माझा होता. भिंतीकडची कबर मला आयुष्यभर पाहावी लागली असती.

दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला पहाटे आम्ही कबरस्तानात जमतो. पाळकसाहेब मास्तरांच्या कबरीपाशी थांबतात आणि मंडळीत नव्यानं आलेल्यांना सांगतात की हा भाऊ दूर गेला होता आणि शेवटच्या घडीला परत आला. मी मागे उभा असतो. हा माणूस कुठेही गेला नव्हता, एवढं एक वाक्य बोलायला मला पुढे व्हायचं असतं. गवत ओलं असतं. पाळकसाहेब हात वर करतात, आणि सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हणतो.